मेजावरची गाडी, पडद्यावरचं आकाश

५ जानेवारी २०२५, रविवार. सोनिवली, बदलापूर

छंद प्रदर्शनात आम्हाला मेज मिळालं. १८ आणि १९ तारखेला, शनिवार-रविवार, बदलापूर पश्चिमेच्या एका शाळेच्या सभागृहात. नाणी, पोस्टाची तिकिटं, काडेपेट्यांचे छाप, बोन्साय, किल्ल्यांच्या प्रतिकृती, रांगोळी, कागदकाम, आणि या सगळ्यांत आमचं मुक्त सॉफ्टवेअर. संयोजकांनी फोनवर विचारलं, "ताई, तुमच्या टेबलावर लोकांनी बघायचं काय?"

प्रश्न नेमका आहे. नाणं भिंगाखाली धरता येतं, बोन्सायभोवती फिरता येतं. सॉफ्टवेअरचं तसं नाही. लॅपटॉप उघडून मागे कुणी बसलेलं दिसलं की लोकांना वाटतं इथे विमा विकतायत किंवा कसले तरी फॉर्म भरून घेतायत, आणि ते दुरूनच पुढे जातात.

तरी हे मेज मला हवंच होतं. विंडोज १० ला सुरक्षेची नेहमीची सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मिळणार नाही, हे मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय. आमच्या संगणक क्लासला येणाऱ्या मुलांच्या घरी त्याच विंडोजवरचे जुने लॅपटॉप आहेत. धडधाकट आहेत, पण विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. बदलापूरहून रोज लोकलनं मुंबई गाठणाऱ्या माणसाला मुलासाठी पुन्हा नवा लॅपटॉप घेणं सोपं नाही. त्याच यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकली तर ते आणखी काही वर्षं काम देईल, हे त्याला कुणीतरी समोर बसून दाखवायला हवं. छंद प्रदर्शनाला सगळं घर येतं, म्हणून ते दाखवायला हीच जागा बरी.

७ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी शेजारच्या इमारतीतल्या काकांकडे गेले. मध्य रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेत. घरात नऊ मिलिमीटर रुंदीचे रूळ टाकून त्यांनी माथेरानची गाडी केली आहे. डबे सनबोर्डचे, डोंगर थर्मोकोल आणि प्लास्टरचा, वळणं अगदी नेरळच्या घाटातल्यासारखी. आमच्या पुढची स्टेशनं वांगणी, शेलू आणि मग माथेरानची गाडी जिथून सुटते ते नेरळ. १९०७ मध्ये सुरू झालेली दोन फुटी रुळांची ती गाडी इथल्या प्रत्येक घराच्या आठवणीत आहे.

साध्या खेळण्यातल्या गाडीत रुळातली वीज कमी-जास्त केली की रुळावरची सगळी इंजिनं एकदमच हलतात. काकांकडे डीसीसी आहे. त्यात रुळांमधून विजेबरोबर अंकी संदेशही जातो, आणि प्रत्येक इंजिनात बसवलेला डिकोडर फक्त आपल्या क्रमांकाचा संदेश ऐकतो. नव्या डिकोडरचा क्रमांक ३ असतो. काकांनी तो बदलून १९०७ केला आहे. संदेश पाठवणारी पेटी बाजारात महाग मिळते. काकांनी आर्डुइनो मेगा आणि मोटर शील्ड हे सर्किट बोर्ड घेऊन डीसीसी-ईएक्स या मुक्त प्रकल्पानं ती घरीच केली. वरचं सॉफ्टवेअर आहे जेएमआरआय. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ बॉब जेकबसन यांनी ते स्वतःच्या छोट्या रेल्वेसाठी सुरू केलं आणि मग जगभरच्या छंदिष्टांनी वाढवलं.

जेएमआरआय स्वतःचं छोटं वेबपान उघडतं. कुठल्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ते पान उघडलं की गाडीचा वेग, दिशा, शिट्टी, सगळं बोटाखाली. मी म्हटलं, "काका, गाडी तुम्ही चालवा, मी लोकांना माहिती सांगते." काका म्हणाले, "अगं, पोर गाडी बघायला येत नाही, चालवायला येतं. तू फोन त्याच्या हातात दे."

आजचं महत्त्वाचं वाक्य हेच. मेजाची सगळी मांडणी आता यावरूनच करायची.

११ जानेवारी, शनिवार

फलकाचा मजकूर ठरला. भाचीनं आधी मोठ्या अक्षरांत 'मुक्त स्रोत सॉफ्टवेअर' लिहिलं होतं. जे आधीच जाणतात त्यांनाच त्यातून काही कळेल, बाकीचे वाचून पुढे जातील. म्हणून वर तीन ओळी घेतल्या:

माथेरानची गाडी तुमच्या मोबाइलवरून चालवा.
आज रात्री तुमच्या गच्चीवरून कोणते ग्रह दिसतील?
तुमची गल्ली नकाशावर आहे का?

सॉफ्टवेअरची नावं खाली, बारीक अक्षरांत. उत्सुकता वाटेल तो वाकून वाचेल.

फलक इंकस्केप या चित्रं काढायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केला. अक्षरं मुंबईच्या एक टाइप या संस्थेची, बलू आणि मुक्ता. दोन्ही मुक्त परवान्यावर मिळतात, म्हणजे फलकाचं एकेक अक्षरही आमच्या विषयातलंच. फ्लेक्सच्या दुकानातल्या संगणकात हे टंक असतीलच असं नाही, आणि नसले की जोडाक्षरं तुटतात. म्हणून पाठवण्याआधी सगळा मजकूर आकारांत बदलून पीडीएफ केला. फ्लेक्सवर मराठी मजकूर छापून घेणाऱ्या प्रत्येकानं एवढं करावं.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी भाचीबरोबर सोनिवलीत नकाशा भरत फिरले. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला, लोकांनी लोकांसाठी भरलेला जगाचा नकाशा. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप तुम्ही उभे आहात तिथलेच साधे प्रश्न विचारतं: या रस्त्याचं नाव काय, या इमारतीला मजले किती, इथे रात्री दिवे असतात का. उत्तर दिलं की ते नकाशात जातं.

सोनिवली झपाट्यानं बदलते आहे. शेतांच्या जागी इमारती आल्या, पण जुनी माणसं अजून विहीर, देऊळ आणि पिठाची गिरणी सांगून वाट दाखवतात. नव्या माणसाला ती खूण माहीत नाही, जुन्याला इमारतीचं नाव माहीत नाही. नकाशात दोन्ही लिहिता येतात. मराठी नावासाठी वेगळा रकानाही आहे.

उल्हास नदीकाठच्या माणसाला नकाशाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी कुठली वाट उंचावर आहे, कुठल्या गल्लीत मोठी गाडी शिरते, हे स्थानिक माणसालाच ठाऊक असतं. ते त्यानं आधीच नकाशावर लिहून ठेवलेलं बरं. प्रदर्शनात येणाऱ्याला आपण म्हणायचं, "तुमचं घर शोधा." सापडलं तर तो खूश, नाही सापडलं तर तिथेच बसून तो ते भरेल.

१४ जानेवारी, मंगळवार. मकरसंक्रांत

तिळगूळ द्यायला आलेल्या वहिनींचं रांगोळीचं मेजही प्रदर्शनात आहे. बोलता बोलता मी इंकस्केप उघडलं आणि त्यांना एक पाकळी काढायला सांगितली. मग त्या पाकळीच्या फिरवलेल्या प्रती वर्तुळात उमटवल्या. मूळ पाकळीचा एक बिंदू ओढला की सगळं फूल बदलतं. वहिनी खुर्चीवरून उठल्याच नाहीत. "मला सहाच्या जागी आठ पाकळ्या करून दे, आणि कडेला वेल." पाकळ्या आठ मी केल्या, वेल त्यांनीच काढली.

त्यांच्या जाऊबाई उल्हासनगरला भरतकामाचं यंत्र चालवतात. त्यांच्यासाठी इंक/स्टिच आहे. हे इंकस्केपलाच जोडलं जातं आणि काढलेल्या चित्राचं टाक्यांत रूपांतर करून भरतकाम-यंत्राला वाचता येईल अशी फाइल देतं. हे ऐकून वहिनींनी तिथूनच त्यांना फोन लावला.

नंतर एक गोष्ट स्पष्ट दिसली. छंद प्रदर्शनात सॉफ्टवेअर हा आणखी एक छंद म्हणून उभा राहिला तर लोकांना तो परका वाटतो. पण त्या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येक छंदाच्या उपयोगाचं काहीतरी मुक्त सॉफ्टवेअर आहे. आमच्या मेजावर गर्दी ओढत बसण्यापेक्षा आम्हीच इतरांच्या मेजांवर जायला हवं. आज रात्री यादी केली. विमको कंपनीचे काडेपेटी-छाप जमवणारे अंबरनाथचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या छापांची छायाचित्रं डिजिकॅममध्ये खुणा लावून रचता येतील, म्हणजे 'हत्ती' असं शोधलं की सगळे हत्तीचे छाप समोर. नाणीवाल्यांसाठी लिबरऑफिस कॅल्कमध्ये मराठी रकान्यांची सूची. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी डार्कटेबल. किल्ले करणाऱ्या मुलांसाठी क्यूजीआयएसमधून काढलेल्या उंचीच्या रेषा, म्हणजे किल्ल्याचा उतार अंदाजानं न करता खरा करता येईल. प्रत्येकाला फोन करून विचारलं. बहुतेकांनी "या की" म्हटलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज मंगळ सूर्याच्या बरोबर समोर आहे. सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. गच्चीवर लॅपटॉप नेला आणि पडद्यावर आकाश दाखवणारं स्टेलारियम उघडलं. ठिकाण बदलापूर, वेळ आत्ताची. पश्चिमेला शुक्र, त्याच्या जवळ फिकट शनी, पूर्वेकडे बऱ्याच उंचीवर रोहिणीच्या शेजारी गुरू, आणि खाली क्षितिजाजवळ पुनर्वसूच्या ताऱ्यांपाशी तांबूस मंगळ. पडद्यावर जे होतं तेच डोक्यावर. सध्या सगळीकडे 'ग्रहांची रांग' म्हणून बोलबाला आहे. लोक विचारणारच.

या भागाला आकाश नवं नाही. मुंबईचं खगोल मंडळ वर्षानुवर्षं वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आलं आहे. शहराच्या उजेडातून बाहेर पडून तारे बघायला मुंबईची माणसं आमच्या पुढच्याच स्टेशनवर उतरतात. प्रदर्शनात येणाऱ्यांना हे सांगायचं ठरवलं. स्टेलारियम आकाशाची ओळख करून देईल, पण तारे वांगणीला जाऊनच बघावेत.

१७ जानेवारी, शुक्रवार

सभागृहात मांडामांड केली. काही गोष्टी लिहून ठेवते, पुढच्या कुणाला उपयोगी पडतील.

मेजामागे खुर्ची ठेवली नाही. आपण मेजाच्या बाजूला, येणाऱ्यांच्याच अंगाला उभं राहायचं. मधे मेज आलं की एक देणारा आणि एक घेणारा होतो. लॅपटॉपचे पडदे आणि कळफलक लोकांच्या बाजूला वळवले. गाडीचे रूळ कमी उंचीच्या बाकावर, म्हणजे दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर गाडी येईल.

सभागृहात मोबाइलचं जाळं गर्दीत टिकणार नाही, हे धरूनच चाललो. घरचा जुना राउटर आणला, त्याला इंटरनेट नाही, फक्त आमच्या मेजाचं वायफाय. त्याचं नाव 'माथेरान'. मोबाइल जोडायचा, क्यूआर कोड टिपायचा, की जेएमआरआयचं पान उघडतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी काकांचा एक जुना फोन दोरीनं बांधून ठेवला. आमच्या भागाच्या नकाशाची फाइलही आधीच उतरवून घेतली. उत्साहानं कुणी बोट जोरात सरकवलं तर गाडी वळणावर उडेल, म्हणून काकांनी डिकोडरमधला कमाल वेगाचा आकडा, सीव्ही ५, खाली आणला. आता कितीही ओढा, गाडी घाटातल्यासारखीच सावकाश जाते.

फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीत करून ठेवले. पडद्यावर 'जतन करा' वाचलं की आजी-आजोबाही पुढे येतात, हे क्लासात रोज बघते.

१८ जानेवारी, शनिवार

दार उघडल्यापासून गाडीभोवती मुलं. काका फक्त म्हणतात, "ड्रायव्हर साहेब, स्टेशन आलं, वेग कमी करा." मुलं खरंच कमी करतात. मुलं गाडीत रमली की पालक मोकळे होतात, आणि आमचं खरं बोलणं तेव्हा सुरू होतं. आई नकाशावर घर शोधते, वडील विचारतात, "जुना लॅपटॉप आहे, काय करता येईल?"

दुपारनंतर इतर मेजांवरून माणसं यायला लागली. "रांगोळीवाल्या वहिनींनी पाठवलंय." "काडेपेटीवाले म्हणाले तुमच्याकडे जा." ही माणसं प्रश्न घेऊनच आली होती. त्यांना काही पटवून द्यावं लागलं नाही, फक्त शेजारी बसून दाखवायचं होतं.

उल्हासनगरचे एक व्यापारी बराच वेळ उभे राहून सगळं बघत होते. मग म्हणाले, "ताई, हे फुकट दिलं तर बनवणाऱ्याला काय मिळतं? उद्या कुणी स्वतःचं म्हणून विकलं तर?" हा प्रश्न प्रत्येक समंजस माणसाच्या मनात येतो, आणि त्याचं उत्तर काकांच्या गाडीतच होतं.

जेएमआरआयमधल्या डिकोडरच्या माहितीच्या फाइली एका कंपनीनं उचलल्या आणि परवान्याच्या अटी न पाळता, मूळ लेखकांचं श्रेय न देता, आपल्या मालात घातल्या. जेकबसन न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाचं म्हणणं असं की परवाना मोडला असेल तर तो फार तर कराराचा भंग. अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयानं १३ ऑगस्ट २००८ ला वेगळं सांगितलं: पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचा हक्क संपत नाही. श्रेय द्या, बदल जाहीर करा, या खऱ्या अटी आहेत आणि त्या मोडल्या तर कॉपीराइटचा भंग होतो. २०१० मध्ये तडजोड झाली आणि समोरच्या बाजूनं एक लाख डॉलर देणं मान्य केलं. जगभर मुक्त परवान्यांविषयी बोलताना आज या खटल्याचा दाखला देतात, आणि तो उभा राहिला खेळण्यातल्या गाडीवरून.

व्यापारी म्हणाले, "म्हणजे मालक आहे, फक्त त्यानं वापरायला दिलंय." मी म्हटलं, "हो. आणि आत उघडून बघायला, बदलायला, पुढे द्यायलाही." बनवणाऱ्याला काय मिळतं, तेही सांगितलं. जेकबसन यांनी स्वतःच्या गाडीसाठी एक भाग लिहिला, त्याबदल्यात बाकीच्यांनी लिहिलेले सगळे भाग त्यांना मिळाले. मग व्यापाऱ्यांनी दुकानाच्या हिशेबासाठी कॅल्क बघायला मागितलं.

संध्याकाळी सातला मुलांना घेऊन मैदानात आलो. आत स्टेलारियमवर बघितलेला शुक्र आणि त्याच्यापासून सुमारे दोन अंशांवरचा शनी पश्चिमेला समोरच होते. आज ते या वर्षातले सर्वांत जवळ. मुलं एकमेकांना बोटानं दाखवत होती, आणि ज्यांना आधी शनी दिसला त्यांनी इतरांना शोधायला शिकवलं.

१९ जानेवारी, रविवार

आज गर्दी जास्त. काल येऊन गेलेली मुलं भावंडांना घेऊन परत आली आणि त्यांना स्वतःच समजावू लागली: "हा क्यूआर टिप, मग १९०७ निवड." आम्हाला बोलावंच लागलं नाही. सकाळी एका मुलीनं काकांना विचारलं, "आजोबा, गाडी बोगद्यात शिरली की आपोआप शिट्टी वाजेल का?" काकांनी तिला शेजारी बसवलं. बोगद्यातल्या रुळावर गाडी आली हे ओळखणारा सेन्सर आधीच होता. दोघांनी मिळून जेएमआरआयमध्ये एक छोटा नियम लिहिला: गाडी बोगद्यात आली की शिट्टी. पुढच्या फेरीत बोगद्याशी गाडीची शिट्टी वाजली आणि ती मुलगी टाळ्या वाजवत बाहेर आईकडे पळाली.

मेज लावलं ते याचसाठी. पाहणारं पोर चालवणारं झालं, आणि चालवणारं त्यात स्वतःची भर घालणारं झालं. मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात जे लिहिलेलं असतं, वापरा, उघडून बघा, बदला, इतरांना द्या, ते तिनं एका सकाळी करून दाखवलं. कुणी तिला व्याख्यान दिलं नव्हतं.

निघताना प्रत्येकाला एक मराठी कागद दिला. एका बाजूला त्याच्या छंदाच्या कामाच्या सॉफ्टवेअरचं नाव आणि क्यूआर, दुसऱ्या बाजूला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची माहिती. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या या प्रकल्पात छोटे धडे आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे, आणि त्यांतले बरेच मराठी आवाजात. ऐकायचं, थांबवायचं, शेजारी करून बघायचं. शिक्षकाशिवाय घरी शिकता येतं.

२५ जानेवारी, शनिवार

प्रदर्शनात सांगितल्याप्रमाणे आज क्लासात जुने लॅपटॉप घेऊन लोक आले. कुणाच्याही यंत्रात लगेच काही टाकलं नाही. आधी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवलं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे मालकानं स्वतः तपासलं. ज्यांना पटलं त्यांच्या फाइली आणि फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, मगच लिनक्स टाकलं. ज्यांचं कामच फक्त विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. वहिनींच्या जाऊबाई भरतकामाचे नमुने घेऊन आल्या आणि पहिलं फूल इंक/स्टिचमधून काढून गेल्या.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापुरात छंदांची प्रदर्शनं भरवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. एक मेज मुक्त सॉफ्टवेअरसाठी ठेवा, पण ते कोपऱ्यात, संगणकांच्या रांगेत नको. रांगोळी, किल्ले, नाणी आणि गाड्या यांच्या मधोमध ठेवा. आणि ज्यांना सॉफ्टवेअर येतं त्यांनी तिथे जाताना भाषण घेऊन जाऊ नये. समोरच्याचा छंद आधी विचारावा, मग कळफलक त्याच्याकडे वळवून आपण बाजूला उभं राहावं.